ग्रंथप्रामाण्य आणि नगरचे टिळक

रविवारी सकाळी नगर शहरातील एखाद्या जुन्या प्रोटेस्टंट प्रार्थनामंदिरावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाचा क्षणभर गोंधळ उडावा, अशी स्थिती असते. आतून पदाचे सूर येत असतात. शब्दांचे वळण वारकरी संतांचे, आळवणी लेकराने आईला घालावी तशी. हे पद बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे असते. पद संपते आणि प्रवचन सुरू होते. त्या प्रवचनामागे जो सिद्धान्त उभा असतो तो असा, की धर्माच्या बाबतीत अंतिम अधिकार पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा. माणसांनी घालून दिलेल्या परंपरेचा नव्हे. एकाच छपराखाली, तासाभराच्या अंतराने, परंपरेच्या मुशीतून निघालेले पद आणि परंपरेला दुय्यम ठरविणारा सिद्धान्त एकत्र नांदत असतात. ऐकणाऱ्यांना त्यात काही विसंगती वाटत नाही. परंतु या दोहोंतील ताण हाच नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाच्या जवळजवळ दोन शतकांच्या इतिहासाचा गाभा आहे, आणि तो हिंदू वाचकांनीही समजून घेण्याजोगा आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, येथे ज्या काळाचा विचार करावयाचा आहे त्या काळाला अनुसरून ‘नगर’ हेच नाव योजले आहे.)

सिद्धान्त मुळात काय आहे, हे आधी नीट पाहिले पाहिजे. शुभवर्तमानांत एक प्रसंग आहे. येशूचे शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परूशी आक्षेप घेतात. येशू त्यांना उलट विचारतो, की वाडवडिलांची रीत राखण्यासाठी तुम्ही देवाची आज्ञा का मोडता? आणि तो उदाहरण देतो ते असे: आईबापांच्या पोषणासाठी द्यावयाचे धन ‘देवाला अर्पण केले आहे’ असे म्हणायचे आणि म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायचे. या युक्तिवादात कोणाही हिंदूला न पटण्याजोगे काहीही नाही. कर्मकांडाच्या आडोशाने कर्तव्य चुकविणाऱ्यांना आपल्या संतांनीही असेच फटकारले आहे. पुढे सोळाव्या शतकात युरोपात मार्टिन ल्यूथरने हाच धागा रोमच्या धर्मसत्तेविरुद्ध ताणला. १५२१ साली वर्म्स येथे सम्राटासमोर उभे राहून त्याने शास्त्रवचनावाचून माघार घेण्याचे नाकारले. रोमने १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत उत्तर दिले, की शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा, दोन्ही सारख्याच आदराला पात्र आहेत. ही फाळणी आजतागायत मिटलेली नाही.

नगरला आलेले मिशनरी या फाळणीच्या एका टोकाचे होते. अमेरिकन बोर्डाचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगर येथे ठाणे मांडले. ते न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांचे वारस. हे प्युरिटन शास्त्राबाहेरील परंपरेविषयी इतके कठोर होते, की मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाची तरतूद होती. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीखच दिलेली नाही, तेव्हा हा सण मनुष्यकृत आणि म्हणून त्याज्य, असा त्यांचा तर्क. आज डिसेंबरात नगरच्या चर्चवर दिव्यांच्या माळा झळकतात. प्युरिटनांच्या त्या मोजपट्टीने तोलले तर त्या माळाही बाद ठरतील. असो.

१८४२ साली नगरमध्ये हेन्री बॅलंटाइन यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केला. हिंदू शास्त्रे, पुराणे आणि रूढी यांचे खंडन हे त्याचे एक मुख्य काम होते. ‘तुमच्या प्रथेला ईश्वरी आधार कोणता?’ हा त्याचा प्रश्न. त्यापूर्वीच, १८३९ मध्ये, हरिपंत खिस्ती या नगरच्या ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला होता आणि शहरात खळबळ माजली होती. पण नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज वाढला तो हरिपंतांसारख्यांमुळे नव्हे. तो वाढला गावकुसाबाहेरच्या महार आणि मांग वस्त्यांतून. येथे हिंदू समाजाने आरशात पाहावे लागते. ज्याला ‘परंपरा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, वारी, दिवाळीची पहाट, त्याला परंपरेची महती सांगणे सोपे आहे. ज्याला ‘परंपरा’ म्हणजे वेगळा पाणवठा आणि देवळाच्या पायरीपाशी थांबलेले पाऊल, त्याला कोणी येऊन सांगितले, की हे माणसांनी रचलेले आहे, देवाने नव्हे, तर त्याला ते सुटकेचे वाक्य वाटल्यास नवल कसले? सर्व धर्मांतरे आमिषाने झाली असे म्हणणे ही सोयीची समजूत आहे. प्रभुभोजनाच्या वेळी ब्राह्मण आणि महार यांनी एकाच पंगतीला बसावे, असा या मिशनचा आग्रह होता आणि त्या आग्रहामागे ग्रंथप्रामाण्य उभे होते. त्याबाबतीत ग्रंथाने केलेले काम, हिंदू समाजाने स्वतःच्या शास्त्रांच्या बळावर आधीच करावयास हवे होते.

मात्र एवढे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न अधिक टोकदार होतो. ‘मानवी परंपरा’ कोणती आणि ‘शास्त्र’ कोणते, हे ठरवावयाचे कोणी? पंक्तिभेद हा मानवी होता, हे खरे. पण लाकडी बाके, घंटेचा मनोरा, इंग्रजी चालींची गीते, ठराव मांडून हात वर करण्याची सभापद्धती, मिशनरीचा बंगला आणि त्याच्या व्हरांड्यात ताटकळणारा देशी उपदेशक, हे सारे कोणत्या शुभवर्तमानात सांगितले आहे? नगरी माणसाची चाल, पेहराव, भजन ही ‘परंपरा’ आणि बॉस्टनची चाल, पेहराव, भजन हा ‘धर्म’, असा न बोलता केलेला हिशेब त्यामागे होता.

हा हिशेब उलटा मांडून दाखविला तो एका मराठी स्त्रीने. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि इतर धर्मगुरूंशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो या विषयावरील एक असामान्य दस्तऐवज आहे. रमाबाई म्हणत, की बायबलमध्ये जे स्पष्ट आहे ते मान्य. चर्चने नंतर रचलेली सूत्रे केवळ चर्च म्हणते म्हणून स्वीकारणार नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटका करून घेतल्यावर लगेच दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. त्यांनी मांसाहार केला नाही, अंडी घातलेला पदार्थ खाल्ला नाही. सिस्टर जेराल्डिनना त्यात जातीचा ताठा दिसला. म्हणजे शाकाहार ही हिंदू रूढी म्हणून दोषास्पद, आणि अंडी घातलेले इंग्रजी पुडिंग मात्र निर्दोष! ग्रंथाचे शस्त्र हिंदू परंपरेविरुद्ध चालविणाऱ्यांना ते आपल्याच परंपरेविरुद्ध चाललेले रुचले नाही. याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. दौंड तालुक्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमधून (नगरला लागून असलेले केडगाव वेगळे) ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रकाशित झाले. हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द टाळून खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी लिहिण्याचा त्यांचा प्रयत्न होता. चर्चमध्ये मात्र बायबल सोसायटीचेच भाषांतर रुळले.

आणि त्या रुळलेल्या भाषांतराकडे पाहावे तर काय दिसते? ग्रंथाचे मराठी नावच ‘पवित्र शास्त्र’. शास्त्र, कृपा, प्रायश्चित्त, तारण, भक्ती, उपासना, आत्मा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीचा ग्रीक ‘लोगोस’ मराठीत ‘शब्द’ झाला, आणि शब्दब्रह्माची कल्पना ज्या भाषेत शतकानुशतके मुरली त्या भाषेतील श्रोत्याच्या मनात जे तरंग उठावयाचे ते उठलेच. परंपरेच्या वर बसणाऱ्या ग्रंथाला बोलावयाचे तर परंपरेचीच जीभ उसनी घ्यावी लागते. सतराव्या शतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोमंतकात हेच ओळखले होते. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आहे आणि त्याच्या नावातच ‘पुराण’ आहे.

ग्रंथाच्या अधिकाराचा प्रश्न नगरमधील मिशनऱ्यांनाही सुटला नव्हता, याचे एक उदाहरण मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही. रॉबर्ट अॅलन ह्यूम हे नगर मिशनचे मोठे नाव. शहरातील ह्यूम मेमोरियल चर्च त्यांचीच आठवण सांगते. १८८६ मध्ये ते रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी एक मत उघडपणे मांडले: ज्यांच्या कानी येशूचे नावच कधी पडले नाही त्यांना मृत्यूनंतर तरी संधी मिळत असावी, असे मानण्यास जागा आहे. नगरच्या खेड्यांत ज्याने आयुष्य घालविले होते, त्याला शेजारच्या भल्या माणसांचे सारे पूर्वज सरसकट नरकात गेले असे सांगणे जड गेले असणार. पण यावरून अमेरिकेत वादळ उठले. हे शास्त्राला धरून नाही, असे म्हणत बोर्डाच्या धुरीणांनी त्यांना परत पाठविण्यास आढेवेढे घेतले. अखेर १८८७ मध्ये ह्यूम नगरला परतले. ग्रंथ तोच होता. एकाने तो बॉस्टनमध्ये वाचला, दुसऱ्याने नगरमध्ये.

‘ग्रंथ तोच’ हे विधानही पुरते खरे नाही. नगर जिल्ह्यात कॅथलिकही आहेत आणि प्रोटेस्टंटही. प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३. कोणती पुस्तके ईश्वरप्रेरित, याची यादी बायबलच्या कोणत्याही पुस्तकात दिलेली नाही. नव्या करारातील २७ पुस्तके, न कमी न अधिक, अशी यादी प्रथम आढळते ती ३६७ साली अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने लिहिलेल्या पत्रात. म्हणजे येशूनंतर तीन शतकांहून अधिक काळाने. ही निवड माणसांनी, चर्चच्या चालत आलेल्या वापराच्या आधारे केली. परंपरेवर अधिकार गाजविणारा ग्रंथ परंपरेच्या हातूनच बांधला गेला. रोमन चर्चने हे उघड मान्य केले आहे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने १९६५ मध्ये शास्त्र आणि परंपरा यांचा झरा एकच असल्याचे पुन्हा सांगितले. म्हणूनच की काय, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरात मरियेच्या जन्मोत्सवानिमित्त भरणाऱ्या यात्रेत कॅथलिकांना काही अवघडल्यासारखे होत नाही. त्या यात्रेचे लोकांच्या तोंडी असलेले नाव ‘मतमाऊली’. ‘माऊली’ हा शब्द कोठून आला, हे नेवाशाच्या जिल्ह्यात सांगण्याची गरज नाही. यात्रेला हिंदूही जातात. कडवा प्रोटेस्टंट मात्र या साऱ्याला मनुष्याची परंपराच म्हणेल.

नेवासे! प्रवरेच्या काठी, १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली तो खांब अजून तेथे आहे. प्रामाण्याच्या प्रश्नाचे या मातीतले उत्तर तेथे सापडते. वेद ज्ञानदेवांना वंद्य होता. तरीही वेद संपन्न असून कृपण आहे, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला, असे म्हणावयास ते कचरले नाहीत. आणि ती उणीव गीतेने भरून काढली, असे त्यांनी सांगितले. ग्रंथ नाकारला नाही, ग्रंथाला कुलूपही लावले नाही. हिंदू धर्मशास्त्रातही श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती बलवान, हा नियम आहे, देशाचार त्यानंतर. तेव्हा ‘ग्रंथ वर, रूढी खाली’ ही कल्पना हिंदूंना परकी नाही. परंतु तीच उतरंड हाती धरून शास्त्राच्या रखवालदारांनी तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवावयास लावले, अशी कथा महाराष्ट्राने जपली आहे. ग्रंथाचा अधिकार मोकळे करतो, तसा तोंडही बांधतो. ते केवळ पाश्चात्त्यांचे दुखणे नाही.

तुकोबांच्या या वाटेनेच टिळक आले. १८६१ साली कोकणात जन्मलेला हा चित्पावन कवी १८९३ मध्ये आगगाडीने राजनांदगावकडे जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्याच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने तो भारावला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तोही एका भारतीय पाळकाच्या हातून. मग नगर हीच त्यांची कर्मभूमी झाली. ग्रंथाचा अधिकार त्यांनी मनापासून मानला. त्याबाबत शंका नको. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकावा, असे त्यांना कधी वाटले नाही. नगरमध्ये त्याआधीच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजविली होती. टिळकांनी अभंग, पदे, भजने यांची रासच घातली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. ज्या पत्राने हिंदू परंपरेच्या खंडनाने आरंभ केला, त्याची सूत्रे सात वर्षे वारकरी वळणाच्या या कवीच्या हाती राहिली. फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांची ही दुसरी बाजू कमी पाहिली जाते.

टिळकांच्या घरातच या प्रश्नाची दुसरी कथा घडली. पतीने धर्म सोडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी सोडला नाही. सोवळेओवळे सांभाळत, दुःखाने खचत, पण आपल्या जागी त्या ठाम राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला आठवत असेल, की जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एकदा स्वतःलाच विचारला. उत्तर त्यांनी स्वतःच्या विचाराने काढले आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाल्ले. हा निर्णय त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा. बाप्तिस्मा १९०० मधला. कोणत्याही मिशनऱ्याने बोट ठेवून दाखविलेल्या वचनावाचून एक फारसे न शिकलेली ब्राह्मण स्त्री त्याच ठिकाणी पोहोचली, ज्या ठिकाणी ग्रंथ पोहोचवितो असे सांगितले जात होते. मानवी परंपरेची शुद्धी करण्याची शक्ती त्या परंपरेत वाढलेल्या माणसाच्या विवेकातही असते, हे ‘स्मृतिचित्रे’तील त्या साध्या प्रसंगाइतके क्वचित कोठे दिसते.

हा केवळ जुना इतिहास नव्हे. ज्या घरात एक भाऊ बाप्तिस्मा घेतो आणि दुसरा घेत नाही, तेथे हा प्रश्न दर दिवाळीला उंबऱ्यावर उभा राहतो. भावाच्या घरचा फराळ खावा का? वडिलांच्या दहाव्याला नदीकाठी जावे का? आईने लावलेल्या निरांजनासमोर क्षणभर उभे राहावे का? ‘मानवी परंपरा टाका’ असे सांगणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे फार लवकर सापडतात, आणि किंमत त्या घराला मोजावी लागते. खुद्द पौलाने करिंथच्या मंडळीला मूर्तीला दाखविलेल्या नैवेद्याविषयी लिहिताना किती चाचपडत, किती तारतम्याने लिहिले आहे ते पाहावे. बाजारात मिळालेले, शेजाऱ्याने वाढलेले अन्न फार चौकशी न करता खावे. देवळातल्या पंगतीला मात्र बसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याचे मन मोडू नये, असा त्याचा रोख आहे. ग्रंथातच जेथे इतके तारतम्य आहे, तेथे ग्रंथाच्या नावाने भावाभावांत भिंत घालणाऱ्यांनी आपण नेमके काय पाळतो आहोत, ते तपासून पाहावे. आणि फराळाचे ताट घेऊन भावाकडे न जाणाऱ्या हिंदू भावानेही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. वय ५५. पगार गेला, निश्चिती गेली. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात प्रवेश होता. ख्रिस्तावर प्रेम असले म्हणजे पुरे. पाश्चात्त्य संघटनेच्या चौकटीबाहेर, आश्रमाच्या आणि संतमंडळीच्या रीतीने उभे राहणारे भारतीय ख्रिस्तमंडळ त्यांना हवे होते. बाप्तिस्म्यावाचून शिष्य कसा, हा मिशनऱ्यांचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने रास्तच होता. बाप्तिस्म्याची आज्ञा ग्रंथातच आहे. हिंदूंनाही टिळक पूर्णपणे आपले म्हणता आले नाहीत. बाप्तिस्मा ही सामाजिक ताटातूट होऊ नये, एवढेच या मनस्वी माणसाला सांगावयाचे होते, आणि ते ऐकून घेण्याची तयारी त्या काळी दोन्ही काठांवर थोड्यांचीच होती.

दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, म्हातारपणी, एकेक अध्याय करीत. पदे मात्र ‘उपासनासंगीता’त गेली आणि तेथेच राहिली. नगरच्या चर्चमध्ये रविवारी ते पुस्तक पवित्र शास्त्राच्या शेजारी बाकावर ठेवलेले असते. उपासना सुरू होते तेव्हा लोक आधी ते उघडतात.